पहिल्या बाटलीतलं अल्ब्युमिन

चिंचवड,
४ फेब्रुवारी २०२५

चि. जयदीप,

आशीर्वाद.

काल दुपारी तुझा फोन आला तेव्हा तुझ्यामागे प्रेस मशिन धडधडत होतं आणि तू त्याच्यावर आवाज काढून सांगत होतास की मावशी, लघवीत प्रोटीन आलंय. आमच्या जिन्यातल्या चारही घरांनी ते ऐकलं. तेव्हा यापुढे लघवीबद्दल फोन करायचा नाही, कागदावर लिहायचं. रोहिदास रोज सकाळी कुरुळीहून आमच्या सोसायटीत दूध घालायला येतो. त्याच्याजवळ चिठ्ठी दे, उत्तर मी त्याच्याच हाती पाठवीन. शिवाय फोनवर तू 'हो मावशी' म्हणतोस आणि मग करायचं तेच करतोस. कागदावर दिलेला होकार मला पुन्हा तुझ्या नाकासमोर धरता येईल.

तू पाठवलेला अहवालाचा फोटो भिंग घेऊन वाचला. अल्ब्युमिन तीन अधिक, साखर एक अधिक. पिंपरीच्या दवाखान्यात मी एकतीस वर्षं लघवीच्या टेबलावर काढली आहेत, तीन अधिक म्हणजे काय ते मला तुमच्या कंपनीच्या डॉक्टरकडून शिकायला नको. आमच्या वेळी परीक्षानळी तिरपी धरून वरचा भाग स्पिरिटच्या दिव्यावर तापवायचो. अल्ब्युमिन असलं की अंड्याच्या पांढऱ्यासारखा ढग उठायचा. मग ॲसेटिक ॲसिडचा एक थेंब. ढग विरला तर माणूस घरी जायचा. राहिला तर त्याला बसवून घ्यायचं. तुला बसवून घ्यायची वेळ आली आहे.

म्हणजे तीन वर्षं कंत्राटावर घासल्यावर कंपनी तुला कायम करायला निघाली, आणि फिटनेसच्या तपासणीत हे निघालं. महिनाभरात पुन्हा तपासणी, तेव्हाही असंच आलं तर नोकरी नाही. कंपनीला दोष देऊ नकोस. मागच्या गणपतीत तुझ्या खोलीत मी तो काळा डबा पाहिला होता, बादलीएवढा, वर एका गड्याचं चित्र, ज्याला मानच नव्हती. प्रोटीन पावडर. सव्वीस वर्षांचा मुलगा, घरात दोन म्हशी, आणि दूध सोडून डब्यातला भुगा खातो. त्यात काय कालवलेलं असतं ते बनवणाऱ्यालाही माहीत नसेल.

खरं लिही. सकाळी लघवीला फेस येतो का, चेहरा सुजतो का, कसल्या गोळ्या घेतोस. आणि तुझ्या आईला यातलं काही सांगू नकोस. शालन लगेच उपास धरेल, आणि उपासाने कुणाचं मूत्रपिंड सुधारलेलं मी पाहिलेलं नाही.

तुझी
इंदुमती मावशी

*

कुरुळी,
९ फेब्रुवारी २०२५

ती. मावशीस,

सा. नमस्कार. फोनबद्दल सॉरी. शिफ्ट चालू होती, बाहेर यायला सुपरवायझर सोडत नव्हता.

तू विचारलंस त्याचं खरं लिहितो. फेस येतो, सकाळी जास्त, पाणी टाकलं तरी लवकर जात नाही. डोळ्यांखाली सूज असते, दुपारपर्यंत उतरते. संध्याकाळी पाय सुजतात. चपलेचा पट्टा रुततो. गोळ्या म्हणशील तर गुडघेदुखीच्या चालू आहेत, मेडिकलमधून आणतो, रोज दोन. दोनतीन वर्षं झाली असतील. बीपी कधी बघितलेलं नाही.

मावशी, एक शंका आहे. प्रोटीन बाहेर जातंय तर तेवढं आत घालायला नको का? आपल्या टाकीला गळती असली की आपण मोटर जास्त वेळ चालवतो, तसं. जिमचे सर म्हणाले, पावडर दुधातून दोन वेळा द्यायची, आणि सोबत माशाच्या तेलाच्या कॅप्सूल, त्यात चांगलं फॅट असतं, ते किडनीला वंगणासारखं काम करतं. दोन्ही परवापासून चालू केलंय. बरोबर आहे ना?

बाबांना काही बोललेलो नाही. ते सगळ्या गावाला पेढे वाटायच्या तयारीत आहेत. पोरगा पर्मनंट होणार म्हणून सोयरीक पण बघायला लागलेत. मावशी, काहीही करून सांग हे बरं होतं का. आणि नाही झालं तर किती दिवसांत काय होतं तेही सांग. घाबरवलंस तरी चालेल.

तुझा
जयदीप

*

चिंचवड,
१४ फेब्रुवारी २०२५

चि. जयदीप,

सव्विसाव्या वर्षी तुझे गुडघे साठीच्या बाईसारखे झाले याबद्दल अभिनंदन. हा त्या वजनं उचलण्याचा प्रताप. आणि त्यावर दोनतीन वर्षं वेदनाशामक गोळ्या, कुणालाही न विचारता, शेंगदाण्यासारख्या. आजपासून एकही गोळी नाही. मूत्रपिंडाला मारायची सर्वांत स्वस्त रीत तुमच्या कुरुळीच्या मेडिकलमध्ये मिळते.

तुझे जिमचे सर कितवी शिकलेत ते मला कळवू नकोस, झोप उडेल. वंगण. मूत्रपिंड म्हणजे त्यांना मोटरसायकल वाटते.

आता नीट वाच, कारण हे मी एकदाच लिहिणार आहे. आणि तुला समजेल अशाच भाषेत लिहिते.

रक्तात अल्ब्युमिन नावाचं प्रोटीन असतं. त्याचं एक काम ओझं वाहण्याचं आहे. चरबीपासून निघालेली मेदाम्लं पाण्यात विरघळत नाहीत, म्हणून रक्तात ती अल्ब्युमिनच्या अंगाला चिकटून फिरतात. कंपनीच्या बसने कामगार फिरतात तशी. मूत्रपिंडात आधी एक गाळणी असते आणि तिच्या पुढे बारीक नळ्या. गाळणी धड असेल तर बस रक्तातच राहते. गाळणीला भोकं पडली, मग ती साखरेने पडोत, रक्तदाबाने पडोत, की बस खाली नळीत उतरते. नळीच्या पेशी काटकसरी असतात. चांगलं प्रोटीन वाया का घालवायचं म्हणून त्या अल्ब्युमिन उचलून आत घेतात. आणि बस आत आली म्हणजे बसमधली माणसंही आत आली.

आता तुझ्या बापाच्या खोल्या डोळ्यांसमोर आण. जमीन कंपनीला गेल्यावर सोपानरावांनी ओढ्याच्या कडेला चाळीस खोल्या बांधल्या, प्रत्येक खोलीत सहा-सहा कामगार भरले, आणि सगळ्यांना मिळून सेप्टिक टाकी बांधली एक. दोन वर्षांत ती तुंबली आणि सगळ्या आळीत वास सुटला, आठवतं? कामगारांचा काही दोष नव्हता. भरणाऱ्याला अक्कल नव्हती. नळीच्या पेशीचं तेच होतं. थोडी मेदाम्लं ती रोज जाळते, तिचं ते इंधनच आहे. पण बसमागून बस उतरायला लागली की तिला ती जाळता येत नाहीत. ती आतल्या आत तुंबते, सुजते, मरते, आणि मेलेल्या जागी व्रण धरतो. म्हणजे गळती नुसती गळती राहत नाही. जे गळतं तेच पुढचं मूत्रपिंड खातं. उंदरांवर प्रयोग झाले आहेत. मेदाम्लं काढून घेतलेलं अल्ब्युमिन दिलं तेव्हा नळ्यांचं नुकसान कमी झालं, मेदाम्लांनी लगडलेलं दिलं तेव्हा जास्त. माणसांत हे सगळं इतकं सरळ सिद्ध झालेलं नाही, हेही लिहून ठेवते, नाहीतर तू जिममध्ये जाऊन माझ्या नावाने व्याख्यान देशील.

तेव्हा टाकीला गळती असताना मोटर जास्त वेळ चालवायची नसते. गळती बंद करायची असते. त्यासाठी रक्तदाबाची औषधं आहेत, जी गळतीही कमी करतात. साखर आवरायची असते. आणि हे करायला मूत्रपिंडाचा डॉक्टर लागतो. पावडर बंद. कॅप्सूल बंद, त्या तुझ्या सरांना खाऊ घाल. किती दिवसांत काय होतं असं विचारतोस. सूज दिसायला लागली म्हणजे पुष्कळ दिवस आधीच गेले आहेत. लवकर गेलास तर उरलेलं राखता येतं. उशीर केलास तर आठवड्यातून तीन दिवस यंत्राला लावून रक्त धुवायचं. तू घाबरवायला सांगितलंस म्हणून लिहिलं.

डॉक्टरची वेळ घेतलीस की मला कळव.

इंदुमती मावशी

*

कुरुळी,
३ मार्च २०२५

ती. मावशीस,

सा. नमस्कार.

तुझ्या आशीर्वादाने काम झालं. शुक्रवारी कंपनीत पुन्हा तपासणी झाली, आज रिपोर्ट आला. अल्ब्युमिन निल, साखर निल. बीपी एकदम नॉर्मल. पर्मनंटचं लेटर हातात पडलं. बाबांनी लाऊडस्पीकर लावायचा बाकी ठेवलाय. पेढे रोहिदासकडे देतोय, चाकणच्या चांगल्या दुकानातले आहेत.

तू सांगितलंस तसं सगळं बंद केलं. पावडर, कॅप्सूल, गोळ्या. सूज मात्र आहे अजून. ती हळूहळू जाईल ना? डॉक्टरकडे आता लगेच जायला पाहिजे का, की गोळ्या बंद केल्यात तेवढं पुरे? घरातून बाहेर पडायला मिळत नाही, सारखी माणसं येतायत.

तुझा
जयदीप

*

चिंचवड,
५ मार्च २०२५

जयदीप,

पेढे आमच्या वॉचमनला दिले. त्याला आवडले.

मला तू काय समजतोस? आधी तीन अधिक, गोळ्या सोडल्या, डबा सोडला, आणि दोन आठवड्यांत निल. साखरसुद्धा निल, रक्तदाब नॉर्मल, आणि सूज मात्र 'आहे अजून'. अशी लघवी मी एकतीस वर्षांत पाहिली नाही. मूत्रपिंडं अशी वागत नाहीत. माणसं वागतात.

तुमच्या पट्ट्यात फिटनेसच्या तपासणीला दुसऱ्याची बाटली नेतात हे मला ठाऊक नाही असं वाटतं का तुला? आमच्या टेबलावर एकदा एका वॉचमनची लघवी आली होती, ती गरोदर निघाली. दुसऱ्या खेपेला कुणा धडधाकट पोराची बाटली तू नेलीस. नोकरी मिळाली, मूत्रपिंड गेलं. उत्तम सौदा. शिकलेल्या माणसांना सुचणार नाही.

येत्या रविवारी सकाळी दहाला माझ्या घरी यायचं. रिकामा यायचं नाही आणि भरलेली बाटली घेऊन तर मुळीच यायचं नाही. बाटली मी देईन. न्हाणीघराच्या दाराबाहेर मी स्वतः उभी राहणार आहे. लाज वाटत असेल तर ती आधी वाटायला हवी होती.

इंदुमती

*

कुरुळी,
११ मार्च २०२५

ती. मावशीस,

रविवारी मी न बोलता निघून आलो, माफ कर. तू गॅसवर नळी तापवत होतीस तेव्हाच मला कळलं होतं की आता लपणार नाही. नळीतलं पाणी नितळ राहिलं. तू दुसऱ्यांदा तापवलंस, थेंब टाकलास, तरी नितळ. मग तू चष्मा काढून एवढंच विचारलंस, "पहिली कुणाची?"  बूट घालून खाली आलो आणि नाशिक रस्त्याच्या कोंडीत दीड तास गाडीवर बसून होतो. वाटलं, परत फिरावं आणि सांगावं. नाही जमलं. म्हणून लिहितो.

पहिली बाटली आईची होती.

तपासणीच्या तीन दिवस आधी माझ्या मित्राची, समर्थची हळद होती. आमची रूमवरची सगळी पोरं होती, मी पण प्यालो. मग लाइनवर कुणीतरी बोललं की कंपनीच्या मेडिकलमध्ये पंधरा दिवसांपूर्वीची दारू पकडतात, मागच्या बॅचचे दोघं तसेच गेले. तीन वर्षं त्या एका लेटरसाठी काढली, माझं डोकंच चालेना. मित्रांची आणावी तर सगळेच प्यालेले. मग मनात आलं की आईपेक्षा स्वच्छ कोण? चहासुद्धा एक वेळ घेते, उपासतापास, बाहेरचं पाणी पीत नाही. तिला सांगितलं तर ती हसली, म्हणाली, एवढंच ना. औषधाची बाटली उकळून घेतली, बनियनच्या आत कमरेला बांधून नेली, गार पडू नये म्हणून.

रिपोर्ट आला तेव्हा मला आधी नोकरीचंच वाटलं. मग रात्री जेवताना तिच्या पायाकडे लक्ष गेलं. तुला लिहिलं ते सगळं तिचं लिहिलं. फेस, सूज, गुडघ्याच्या गोळ्या. पावडर पण तिलाच देत होतो, दुधात घालून, ती नाक मुरडत प्यायची. कॅप्सूल माशाच्या तेलाची आहे हे तिला सांगितलं नव्हतं. तुझं पत्र आलं त्या दिवसापासून सगळं बंद केलं, हे खरं आहे.

दुसऱ्या वेळी माझीच दिली. दारूबिरू काही बघत नाहीत, नुसत्याच अफवा.

आता ती दवाखान्यात यायला तयार नाही. रडून बघितलं, चिडून बघितलं. म्हणते, बाकी काय ते कर पण अक्काला कळू देऊ नको. मावशी, मला काय बोलायचं ते बोल. तिला ने.

जयदीप

*

चिंचवड,
१२ मार्च २०२५

शालन,

तुझ्या दिवट्याचं पत्र काल मिळालं. आता लपवायला काही उरलेलं नाही, तेव्हा सरळ लिहिते.

तुझ्या घरात अक्कल नावाची वस्तू कुणाकडेच नाही याची मला सवय आहे. पण लघवीला दोन वर्षं फेस येतो, पाय सुजतात, आणि बाई गुडघ्याच्या गोळ्या गिळत स्वयंपाक करते, हा नवाच विक्रम. वर मुलाने बाटली मागितली तर हसून भरून देते. ती बाटली लोणच्याची वाटली का तुला? सातवीपर्यंत शिकलीस, तेवढ्यातही आरोग्याचा एक धडा होता. तो कधी वाचला असतास तर आज ही वेळ आली नसती. दोन वर्षांत एकदा, फक्त एकदा, कुणा शहाण्या माणसाला पाय दाखवले असतेस.

सोपानरावांना काही सांगत बसू नकोस, ते आधी सरपंचाला विचारतील. मूत्रपिंडाच्या डॉक्टरची मी वेळ घेते. जयदीप तुला सकाळी माझ्याकडे आणून सोडेल. सगळं मी बोलेन, तू फक्त शेजारी बसायचं आणि विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, म्हणजे त्या माणसाचाही वेळ वाया जाणार नाही.

इंदुमती

*

कुरुळी,
२० मार्च २०२५

अक्कास,

नमस्कार. तुझं पत्र पोचून आठ दिस झाले. उत्तर लिहायला बसले की हात थांबायचा. आज बसलेच. माझ्या अक्षराला हसू नको, हसलीस तरी मला दिसणार न्हाई.

तू लिहिलंस की कुणा शहाण्या माणसाला एकदा पाय दाखवायचे. दाखवले व्हते. सव्वा वर्षामागं, आदल्या दिवाळीत न्हाई, त्याच्या आदल्या दिवाळीला, तुझ्या घरी. फराळ झाल्यावर मी सोफ्यावर पाय वर घेतले आनि म्हनले, अक्का, बघ ना गं, बोट दाबलं की खड्डा पडतोय. तू बघितलंस. चष्मा लावून बघितलंस. म्हनालीस, "तुपाची सूज आहे. डबा भरून खाता तुम्ही लोक." मग तू टीव्हीचा आवाज वाढवलास. मी पाय खाली घेतले. घरी येऊन तूप सोडलं. सूज काही गेली न्हाई. पुन्हा कुनाला दाखवलं न्हाई. तुझ्यापेक्षा शहानं आमच्यात कोन हाय?

बाटलीचं म्हनशील तर पोराचा जीव टांगनीला लागला व्हता. त्यानं मागितली, मी दिली. पुन्हा मागितली तर पुन्हा देईन. माशाच्या तेलाच्या गोळ्या मी एकादशीलासुदिक गिळल्या, त्याचं पाप मात्र त्याच्या माथी.

आता दवाखान्याचं. मी का येत न्हाई ते ऐक. मरनाला भ्यायले न्हाई. आईच्या वक्ताला तू आठ दिस डॉक्टरांशी इंग्रजीत बोलत व्हतीस. मी पलंगाच्या उशाशी बसलेली. आई माझा हात धरून इचारायची, काय म्हन्त्यात गं? मला ठावं असतं तर सांगितलं असतं. तू वळून म्हनायचीस, काही नाही, बरी आहे. आई जानार हे मला फरशी पुसनाऱ्या बाईनं सांगितलं. तवर आईची शुद्ध गेली व्हती. तिला काही इचारायचं व्हतं, बोलायचं व्हतं, ते ऱ्हायलं ते ऱ्हायलं.

बाबा तुला नन्सच्या शाळेत घेऊन गेले आनि मला घरी ठेवलं. त्याचा राग मी कवाच केला न्हाई. तू शिकलीस, चांगलं झालं. पन ती भाषा तू माझ्यासमोर दार लावल्यासारखी लावतेस. अक्का, किडनी माझी हाय. तिचं काय झालंय, किती उरलीय, ते मला आधी कळलं पायजे. मग तुला, मग पोराला.

डॉक्टरशी माझ्यादेखत इंग्रजी बोलनार न्हाईस असं लिहून देशील तर येते. तुझ्या घरी येनार न्हाई, दवाखान्याच्या दारात भेटू. आनि लिहून देनार नसशील तर हे पत्र फाडून टाक, आमी आमचं बघू.

शालन

*

चिंचवड,
२१ मार्च २०२५

शालन,

बोलणार नाही. गुरुवारी, २७ तारखेला, सकाळी साडेनऊला दवाखान्याच्या दारात.

इंदुमती

*

चिंचवड,
२९ मार्च २०२५

चि. जयदीप,

परवा तू आम्हाला दारात सोडून शिफ्टला पळालास आणि संध्याकाळी आईला घेऊन गेलास. वाटेत तिने तुला काय सांगितलं ते मला माहीत नाही. तिने कमी सांगितलं असेल म्हणून मी पूर्ण लिहिते.

औषधाचं आधी. सकाळी रक्तदाबाची एक, तीच गळतीही कमी करते. जेवणाआधी साखरेची. पंधरा दिवसांनी पुन्हा रक्त तपासायचं, कारण पहिल्या औषधाने पोटॅशियम वाढू शकतं. गुडघ्याची गोळी पुन्हा कधीच नाही, गुडघा तुटून पडला तरी. दर महिन्याला तू सुट्टी टाकून न्यायचं. पर्मनंट माणसाला सुट्टी मिळते, निदान त्याचा तरी कुणाला उपयोग होऊ दे. समर्थच्या पुढच्या हळदीला काय प्यायचं ते तुझं तू बघ, पण त्या पोरांना सांग की अफवेवरून बाटल्या बदलणाऱ्यांना मशिनवर हात लावू देऊ नये असं माझं मत आहे. आणि सोपानरावांना आता सगळं सांगितलं पाहिजे. बायकोचं मूत्रपिंड ही काही खोल्यांच्या टाकीसारखी गावाने बघायची गोष्ट नाही.

डॉक्टर तरुण आहे, पस्तिशीचा. सकाळी दिलेल्या रक्त-लघवीच्या तपासणीचे कागद बघितले, माझ्याकडे बघितलं आणि इंग्रजीत सुरुवात केली. माझ्याकडे बघून सगळेच करतात. मी उत्तर देऊन बसले, अर्धं वाक्य. एकतीस वर्षांची जीभ, मनाआधी हलते.  शालनने पिशवी उचलली, उठली आणि दाराकडे चालू लागली. जयदीप, मी तिला त्या खोलीत पाठमोरी पाहिली. टाचा सुजून चपलेबाहेर आल्या होत्या. मी डॉक्टरला म्हणाले, "मराठीत सांगा. आणि मला नको, हिला सांगा. मूत्रपिंड हिचं आहे." ती लगेच वळली नाही. डॉक्टरने स्वतः उठून तिला खुर्ची दिली तेव्हा बसली.

त्याने चांगलं सांगितलं. माझ्या पत्रातल्या बसपेक्षा सोपं, हे कबूल करायला मला आवडत नाही. शालनने त्याला मध्येच थांबवून विचारलं, "शंभरातली किती उरलीय?" तो म्हणाला, "तीसच्या आसपास. ती पुष्कळ वर्षं टिकवता येते, तुम्ही ऐकलंत तर." ती म्हणाली, "माझं कोन ऐकतं ते बघा आधी." तो हसला. मला हसू आलं नाही.

मग त्याने विचारलं की सूज पहिल्यांदा कधी दिसली, आणि तेव्हा कुणाला दाखवली होती का. त्या वेळी गळती थोडी असणार, तेव्हा औषध सुरू झालं असतं तर नळ्यांचा बराच भाग वाचला असता, म्हणून विचारतो, असं म्हणाला. शालन माझ्याकडे बघत राहिली. तिने सांगितलं असतं तर मी वाद घातला असता, मला माझा स्वभाव ठाऊक आहे. तिने सांगितलं नाही. बाहेर कुणाचा तरी नंबर पुकारला.

मी म्हणाले, "मला दाखवली होती. दोन दिवाळ्यांमागे. मी लघवीच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं काम केलं आहे. मी तूप कमी खायला सांगितलं."

डॉक्टरने ते मान खाली घालून लिहून घेतलं, इंग्रजीत. शालनने टेबलावर वाकून कागदाकडे बोट केलं आणि मला विचारलं, काय लिहिलंय. मी चष्मा लावला आणि तिला मराठीत वाचून दाखवलं की रुग्णाने सूज आधी मोठ्या बहिणीला दाखवली होती, बहीण जाणकार होती, तिने दुर्लक्ष केलं. त्यातला एकही शब्द मी गाळला नाही.

इंदुमती मावशी